सुरुवातीचे कल

प्रिय धाकट्या,

हे पत्र शेजारच्या नर्सबाईंच्या हाती देते आहे. तुझ्या शहराकडे जाणारी त्यांची गाडी संध्याकाळची आहे आणि आपला फोन दुपारपासून मुका झालाय. म्हणून अक्षर असं पळतंय. लहानपणी तू म्हणायचास, आईचं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग. आज वारुळात पाणी शिरलंय असं समज.

सकाळी मतमोजणी सुरू झाली तेव्हा आपल्या छापखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. राष्ट्राध्यक्षाची निवडणूक आली की टीव्ही आतल्या खोलीतून बाहेर आणायचा आणि शेजाऱ्यांनी कागदाच्या गठ्ठ्यांवर बसायचं, हे तू घरात होतास तेव्हापासूनचं. बाबांचा दमही तोच, "बसा खुशाल, पण कोऱ्या कागदावर चहा सांडलात तर याद राखा!" चष्मेवाले काका सगळ्यांत पुढच्या गठ्ठ्यावर, त्यांच्यामागे शिंपीणबाई, दाराला टेकून औषधवाले. पहिले कल आले ते वकीलबाईंच्या बाजूचे. तुझे साहेब बरेच मागे पडले होते, रागावू नकोस, होतं ते सांगते. काका नाचायचेच बाकी राहिले होते. बाईंची पत्रकं छापायला गावात दुसऱ्या कुणाची टाप नव्हती, ती बाबांनी छापली, तेव्हा अर्धं श्रेय आपल्या मशिनचं, असं ते सांगत सुटले. बाबा मात्र शाईचे हात पुसत म्हणाले, "अरे, हे नुसते कल आहेत. तुरी अजून बाजारात आहेत."

आणि मग आकडे थांबले. काहीतरी तांत्रिक अडचण म्हणे. टीव्हीवर समुद्रातल्या माशांचा कार्यक्रम लावून दिला. निळ्या पाण्यात मासे इकडून तिकडे, तिकडून इकडे. औषधवाले म्हणाले, "मोठा मासा धाकट्याला कसा गिळतो ते दाखवतायत." सगळे खो खो हसले. पण मासे काही संपेनात. कपातला चहा निवला, कुणी प्यायला नाही. बोलणं आपोआप हळू झालं, आजाऱ्याच्या खोलीत होतं ना, तसं.

आकडे परत सुरू झाले तेव्हा साहेब पुढे होते. प्रत्येक नव्या आकड्यासरशी आणखी पुढे. बाईंच्या स्वतःच्या शहरातसुद्धा! बातम्या देणारी मुलगी एरवी किती गोड हसते, आज ती कागदावरून नजर वर करत नव्हती. निम्मी मतंही मोजून झाली नव्हती, पण आपली खोली रिकामी व्हायला लागली. औषधवाल्यांना दुकान उघडं टाकून आल्याची आठवण झाली. शिंपीणबाईंनी गॅसवर दूध ठेवलं होतं. त्यांना दूध पचत नाही हे अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे, पण मीही म्हटलं, "जा बाई, उतू जाईल." उरले फक्त काका. तेवढ्यात समोर एक करडी गाडी येऊन थांबली. आतले दोघं खाली उतरले नाहीत. काचा वर करून नुसते बसून राहिले. काकांनी गाडीकडे पाहिलं, मग खाली पाहिलं, शर्टावरचा बाईंचा बिल्ला काढला आणि अलगद मशिनवर ठेवला. "तुझ्याकडेच राहू दे," म्हणाले. बाबा म्हणाले, "शर्टाला भोक पडलंय, शिवून घे." काका स्वयंपाकघरातून, मागच्या दारानं गेले. इतक्या वर्षांत हा माणूस मागच्या दारानं कधी गेला नव्हता. जाताना माझ्याकडे बघवलं नाही त्यांना.

त्यानंतर टीव्हीवर तू दिसलास. साहेब पायऱ्यांवर उभे राहून हात हलवत होते आणि त्यांच्या मागे, डाव्या खांद्याजवळ, तू टाळ्या वाजवत होतास. बाबा आता टीव्ही बंद करतील असं वाटलं, कारण तू साहेबांच्या कचेरीत गेल्यापासून तुझा विषय त्यांनी घरात काढू दिला नव्हता. त्यांनी चष्मा लावला, पडद्याच्या अगदी जवळ गेले. बराच वेळ पाहत राहिले. म्हणाले, "वाळलाय गं. वेळेवर जेवत नाही वाटतं." मग जाऊन मशिन सुरू केलं. शाळेची प्रगतिपुस्तकं छापायची राहिली आहेत. मी लिहिते आहे आणि बाहेर मशिनची धडधड चालू आहे. करड्या गाडीच्या मागे आता आणखी एक गाडी उभी आहे. रस्त्यावर चिटपाखरू नाही. समोरच्यांनी भर उन्हाचे पडदे ओढून घेतलेत.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते लिहिते. मतदानाच्या आधी तुझा निरोप आला होता, बाबांना घेऊन मावशीकडे जा, निकालाच्या दिवशी घरी राहू नका. मी तो त्यांना दाखवला. ते एवढंच म्हणाले, "मतं अजून पडायची आहेत आणि आपल्या पोराला निकाल तोंडपाठ आहे." त्यानंतर कुठे जायचा प्रश्नच उरला नाही. ते जाणार नाहीत, आणि त्यांना सोडून मी जाणार नाही. त्यांना वाचव म्हणायला हे पत्र नाही. ते तुझ्या हातात असतं, तर तू निरोप न पाठवता स्वतः आला असतास, इतकं मी तुला ओळखते. पण एक गोष्ट तुझ्या हातात असेल. तू गेलास त्या साली त्यांचा उजवा खांदा मशिनमध्ये सापडला. तुला कळवू नको म्हणाले, म्हणून कळवलं नाही. तो हात आता मागे वळत नाही, नुसता धरला तरी कळवळतात. ज्यांना धाडलंय त्यांना सांग, म्हातारा आपल्या पायांनी चालत येईल, पळणार नाही. त्याचे हात मागे ओढू नका म्हणावं. पुढेच बांधा.

तुझीच,
आई