छातीत जड वाटतंय

मंगळवार, संध्याकाळ

शिंदेकाकांचं तेरावं झालं. कात्रजला त्यांच्या घरी जाऊन आलो. ते गेले त्या सकाळी अग्निशमन केंद्रात मी नेहमीसारखा सगळ्यांचा व्यायाम घेत होतो. काका म्हणाले, "मास्तर, आज जिना नको. छातीत जड वाटतंय." मी म्हणालो, "ती कालची मिसळ बोलतेय, काका. चला!" सगळे हसले. तेही हसले आणि पाण्याचा पाइप खांद्यावर घेऊन चढले. तिसऱ्या मजल्यावर कोसळले. जड वाटतंय, इतकं स्पष्ट सांगितलं होतं. जवान धडधाकट राहावेत म्हणूनच हे सुरू केलं ना मी? आज काकू म्हणाल्या, "तुमच्यामुळे सिगारेट सुटली हो त्यांची." काका त्या सकाळी काय म्हणाले होते, हे त्यांना कुणीच सांगितलेलं नाही. मीही चहा पिऊन उठलो.