शेंदूर लागलेला दगड

माय,

खालच्या मजल्यावर राहायला आलेल्या जोडप्याने काल काचेची मोठी पेटी आणली, खाऱ्या पाण्यातले मासे पाळायला. धरमपेठेत आता सगळं मिळतं, समुद्राचं मीठसुद्धा पाकिटात. दोघं कोकणात फिरून पिशवीभर दगड घेऊन आली होती. मी पूर्वी प्राणिशास्त्र शिकवायची हे कुणीतरी सांगितलं असावं, म्हणून विचारायला वर आली, "काकू, हे पेटीत टाकले तर चालतील ना?" मी एकेक दगड हातात घेतला. गंजासारखी तांबूस रेघ असलेला बाजूला काढला, डांबराचा डाग असलेलाही काढला. उरलेल्यांवर लिंबू पिळून दाखवलं. ज्यावर बारीक फेस येतो तो चुन्याचा, शिंपल्यांच्या जातीचा, तो खाऱ्या पाण्यात सुखाने नांदतो. भोकांत मेलेले जीव असतात, ते पेटीत सडले तर मासे जातील, म्हणून वास जाईपर्यंत दगड भिजत घाला, पाणी बदलत राहा. उकळू मात्र नका, आत पाणी अडकलेला दगड तापला की फुटतो. दोघं माना डोलावत होती. शेवटची सूचना अगदी ओठांवर आली होती, ती मी गिळली: घरात आई असेल तर दगड तिच्या नजरेआड ठेवा. ती गेल्यावर मी कितीतरी वेळ एकटीच हसत होते.

स्वातंत्र्यानंतरची ती पहिली काही वर्षं. मुलींच्या कॉलेजात मला नुकतीच नोकरी लागली होती आणि आमच्या विभागाच्या बाईंनी हट्टच धरला होता, की नागपूरच्या मुलींना समुद्र नुसता पुस्तकातून शिकवायचा नाही. सागवानी चौकटीची काचेची टाकी तयार झाली. पाणी मुंबईहून रेल्वेने यायचं होतं, मोठमोठ्या बरण्यांत, आणि तेही एकदाच. टाकीतले जीव मेले असते तर पुन्हा आणायची सोय नव्हती. सगळे म्हणत टाकी मुलींसाठी. मला ती तुझ्यासाठी हवी होती. उमरेडहून लग्न होऊन नागपूरला आलीस, त्यापलीकडे तुझा प्रवास नाही. आपल्या घरच्या मागावर निळ्या सुताचा ताणा चढला की कांड्यांवर सूत भरता भरता तू विचारायचीस, "समुद्र असाच दिसते का वं?" मी तरी कुठे पाहिला होता! पुढे तुझे गुडघे धरले, गाडीने लांबचा प्रवास जमेना, आणि तू विचारणंही सोडलंस. ते सोडलंस हेच मला जास्त लागलं.

मग मी बाईंबरोबर मुंबईला जाऊन आले, किनाऱ्यावरचे कोरडे दगड वेचून. त्यात एक मोठा होता, पोटातून आरपार भोक असलेला, शंखातल्या खेकड्यांना लपायला अगदी हवा तसा. ते सगळे मी आपल्या अंगणातल्या रांजणात भिजत घातले. पहिल्या आठवड्यात असा वास सुटला की गल्लीतल्या बाया पदर नाकाला लावून जाऊ लागल्या. तू कंबरेवर हात ठेवून उभी आहेस. "काहून वं, एवढं शिकवलं तुले, अन् तू दगडाचं लोणचं घालून राहिली? लोकं काय म्हणतीन?" मी पाणी बदलते, तू बडबडतेस, आणि मी कॉलेजात गेले की तूही गुपचूप पाणी बदलतेस. लिंबू पिळल्यावर दगडावर फेस आला तेव्हा तू वाकून कान लावलास. "बोलून राहिला वं हा!" त्या दिवसापासून वासाची तक्रार बंद झाली. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

वास गेला, दगड वाळत घातले. मुंबईहून पाण्याबरोबर आलेले खेकडे उद्या टाकीत सोडायचे, आणि आज मी घरी येते तर तुळशीजवळ तो मोठा दगड तेलाने चमकतोय, शेंदराने नखशिखांत माखलेला, समोर उदबत्ती. नवा ताणा मागावर चढवण्याआधीही हळदकुंकू लावणारी तू. एवढ्या लांबून आलेल्या पाहुण्याला तसाच कसा ठेवणार होतीस? मी एका भोकात नख घालून पाहिलं. "माय, शेंदूर विष असते वं त्याईले. भोकाभोकात गेला, आता कितीही धुतला तरी निघत नाही." तू उदबत्तीची राख झटकलीस. मग शांतपणे म्हणालीस, "तसाबी आता धुता नाही येत. देव झाला तो. देवाले कोणी परत दगड करते का?" विज्ञान आणि तुझी शेंदराची मातामाय देवी यांचं एकमत झालेलं मी आयुष्यात तेवढं एकदाच पाहिलं.

बाकीच्या दगडांना हात लावला नाही, अशी तू माझ्या गळ्याची आण घेतलीस. बाईंना आण पुरेशी वाटली नाही. तेलकट बोटाचा नुसता स्पर्शही झाला असेल तर टाकी जाईल, म्हणाल्या. त्यांनी समुद्राचं पाणी भरलेली एक बरणी आणि एक खेकडा दिला. "यात तुझे दगड ठेव. घरीच ठेव, इथे बाकीच्यांजवळ नको. तो जगला तर दगड घेऊन ये."

ती बरणी तू ओट्यावर ठेवून घेतलीस. कांड्या तशाच पडल्या, वरण दोनदा लागलं. "याले काही झालं तं पाप माह्या माथी," असं म्हणत तू तिच्यापुढून हलली नाहीस. आणि शेंदराच्या दगडापुढे हात जोडून तू म्हणताना मी ऐकलंय, "देवा, तुह्याच गावचा हाय हा. सांभाळ." खेकडा शंखातून बाहेर आला, दगडावर चढला, बरणीच्या काचेपाशी येऊन मिशा हलवू लागला. तू बोट बुडवून जिभेला लावलंस. "कढीत मीठ जास्त पडलं अशी चव हाय." इतक्या आनंदात मी तुला क्वचितच पाहिलंय.

टाकी सुरू झाली, टिकली. तुला रिक्षातून कॉलेजात नेलं. तू काचेला नाक लावलंस, या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलंस आणि म्हणालीस, "एवढाच? बरं झालं मी तिकडं गेली नाही. आपल्या बरणीतला बरा होता, तो माह्याकडं पाहे." मुली खो खो हसल्या. मीही.

तू गेल्यावर मी तो शेंदराचा दगड समुद्रात सोडायला घेऊन गेले होते. वाटलं होतं, त्याच्या गावी त्याला पोचवावं, म्हणजे तुलाही तिथे नेल्यासारखं होईल. गुडघाभर पाण्यात उभी राहिले, पिशवीतून काढला, आणि तसाच परत आणला. तो अजून माझ्या देवघरात आहे. घरी सगळ्यांना सांगितलं की शेंदूर समुद्रातल्या खेकड्यांना बाधेल. ते खोटं नाही. पण माय, हे कारण मला परतीच्या गाडीत सुचलं.