ग्रिझेतला दिलेली हाक

ला रुबेर,
सोमवार, ९ मार्च १७८९

तूसाँदादा,

आई बरी आहे, खोकला सोडला तर. तू बेड्यांत कसा असशील म्हणून रोज तुझा विषय निघतो. यंदा विहीरसुद्धा गोठली. पाव इतका महाग झालाय, की आई म्हणते, भट्टीवर जा आणि नुसता वास घेऊन ये. तुला पत्र वाचून दाखवणाऱ्या पाद्रीबाबांनी माझ्या अक्षराला हसू नये. तुला नेलं आणि माझी शाळा सुटली, ते तेवढंच राहिलं.

काल रविवारची मिसा, प्रार्थना झाल्यावर गावाने चर्चमध्येच बसून राजाला तक्रारी लिहिल्या. राजानेच मागवल्यात म्हणे. बाप्ये आत, आम्ही बायका दारात. आधी सगळे एकमेकांना ढोसत होते. मग सुटलेच. सरदाराची कबुतरं आपलं पेरलेलं खातात, आपण एक मारलं की दंड. सरदाराला कर नाही, आपल्याला सगळे. कारकून ओरडला, "हळू रे, मला हात एकच आहे!"

मग आपले शेजारचे हौदूकाका उठले. "मिठाचं लिहा. नदीपल्याड मातीमोल, इकडे सोन्याचा भाव, वर राजाचंच घ्यायची सक्ती. आमच्या शेजारचं पोरगं कुत्रीच्या पाठीवरून थोडं मीठ आणायचं, तर त्याला बेड्या. त्याचं नाव लिहा."

"नावं लिहीत नाहीत, काका."

"मग मिठाचं दोनदा लिहा!"

सगळे हसले. आई रडली. कोणीतरी म्हणालं, राजाने वाचलंच नाही तर? काका म्हणाले, "तर आपण जाऊन वाचून दाखवू." तेव्हा कोणी हसलं नाही.

दादा, मागच्या पत्रात तू लिहवलंस, की चुगली हौदूनेच केली, सुटलो की त्याला बघतो. तेव्हापासून आईने त्यांच्याकडून विस्तव आणणं बंद केलं.

तुला वाचून दाखवणाऱ्या बाबांनी इथून पुढे जरा हळू वाचावं.

काकांनी काही केलं नाही. त्या सकाळी मी नदीवर कपडे धूत होते. आपली कुत्री ग्रिझेत उथळ पाण्यातून आली, पाठीवर मिठाची पिशवी. मिठाचे पहारेकरी दिसले तशी झुडपात दडली. तूच शिकवलेलं, त्यांच्यासारखा डगला घालून, काठीने मारून मारून. एकाने झुडपावर बंदूक रोखली. मला वाटलं, मेली आता. मी हाक मारली. माझा आवाज घरात ऐकू येत नाही, तो त्या दिवशी पल्याडपर्यंत गेला असेल. ती आली. "कुणाची गं ही?" मी खाली बघून कपडे पिळत राहिले. मग ती घराकडे पळाली, आणि ते तिच्या मागे, थेट तुझ्यापर्यंत.

लोक काकांचं नाव घ्यायला लागले, तेव्हाही मी गप्पच. काल दारात उभी असतानासुद्धा.

आज सकाळी त्यांच्याकडे गेले आणि सांगितलं. काकांनी चुलीतली राख सारली. मग म्हणाले, "कुत्री वाचली ना?" आणि मडक्यात निखारा घालून दिला.

आईने विस्तव कुठून आणला ते विचारलं नाही. तिलाही आज सांगेन. तुला बघायचंच असेल, तर सुटल्यावर मला बघ.

तेव्हा ओरडलेली आणि नंतर न बोललेली,
तुझी पेरीन