मधे बोलायची मुभा

२० जानेवारी १९७४
सामान लागलं एकदाचं. ह्यांच्या ऑफिसच्या सोसायटीचं घर. दार आपलं, नळ आपला, संडाससुद्धा आपला. वस्तीतली खोली सोडताना रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटलं. तिथे पुस्तक उघडलं की कोणीतरी मीठ मागायला, भांडण सोडवायला, नाहीतर नुसतंच 'काय वाचायलीस गं?' म्हणून दारात हजर. ऑक्टोबरात बी.ए.च्या पहिल्या वर्षाला बाहेरून बसायचं आहे. इथे दुपारी चिमण्यांशिवाय आवाज नाही. अभ्यास होईल.
आबांनी सगळं घर फिरून पाहिलं. भिंतीवर हात फिरवला. म्हणाले, "चांगलं हाय. पर हितं बसायचं कुटं?"
हे म्हणाले, बैठकीत खुर्च्या आहेत की. आबा खुर्च्यांकडे बघत राहिले.

३ फेब्रुवारी
पेपर आता घरी येतो, आपल्या नावाचा. हे चहाबरोबर वाचतात, घडी घालतात, ऑफिसला जातात. गल्लीत प्रत्येक घरी असंच. सगळ्यांनी एकच बातमी वाचलेली, आणि कोणी कोणाला ती सांगत नाही.
वस्तीत विहाराच्या ओट्यावर एक पेपर यायचा. लग्न होऊन आले तेव्हापासून तो मीच वाचायचे, कारण बायकांत मॅट्रिक मीच. सासरे, म्हणजे आबा, अगदी समोर बसायचे. आबांना अक्षर येत नाही. जन्म रेल्वेच्या रूळ दुरुस्तीच्या गँगमध्ये गेला, पिंगळी स्टेशनात. पण ओट्यावर त्यांचा दरारा. एक ओळ झाली की "मंग?" दोन ओळी झाल्या की "हे खोटं हाय." मग बाकीचे तुटून पडायचे, खरं कसं ते आबांना पटवायचे. आबा सहसा पटवून घ्यायचे नाहीत. एक पान संपेपर्यंत दिवेलागण व्हायची. मला तेव्हा वैताग यायचा.
आज आबांनी भिंतीवरून शेजारच्या कदम साहेबांना विचारलं, पेपरात काय आलं म्हणून. ते म्हणाले, विशेष काही नाही. आत येऊन आबा मला म्हणतात, "येवढा मोठा कागद, आन विशेष काही न्हाई?"

१९ फेब्रुवारी
आबा रोज संध्याकाळी रूळ ओलांडून वस्तीत जातात. लांब आहे. काठी नको म्हणतात. आल्यावर जेवताना तिथलं सगळं सांगतात. हे मान हलवतात, ऐकत नाहीत.
धडा तिसरा झाला. छान समजला.

११ मार्च
गुडघा सुजला आबांचा. डॉक्टरांनी चालणं बंद केलं.
संध्याकाळी मीच पेपर घेऊन पायरीवर बसले. 'मंग?' आलं, पण ढिलं. पैठणच्या धरणाची बातमी होती, कालव्याला पाणी कधी सुटणार ते. "हे खोटं हाय," म्हणाले, आणि वाट बघत बसले. माझं लक्ष अर्धं चौथ्या धड्यात.
म्हणाले, "तू पानं उडवायलीस."
उडवत होते. मग म्हणाले, तुझं चूक नाही, दोघांत हे होत नाही, खोटं पाडायला तिसरा लागतो.

१४ एप्रिल
जयंती. आबांना रिक्षाने वस्तीत नेलं. सकाळपासून बोलत होते. घसा बसला तरी बोलत होते. मला इतकं बरं वाटलं त्यांना बघून.
बायकांनी गराडा घातला. मी विचारलं, आता पेपर कोण वाचतं? कोणीच नाही म्हणे. थोडे दिवस एक-दोघांनी वाचला, पण कोणी मधे बोललं की ते चिडायचे. आता दोन घरांत रेडिओ आलाय, तो ऐकतात. रेडिओला 'मंग?' म्हणून उपयोग काय.
म्हणजे आबा फेब्रुवारीत रोज जायचे ते कशासाठी? विचारलं नाही.
परत येताना रिक्षात वाटत होतं, आपण खोली सोडली म्हणजे नुसती खोली सोडली नाही. पण हेही खरं की मला परत जायचं नाही.

२८ एप्रिल, रवि.
कॉलनीचं अभ्यास मंडळ. महिन्यातून एकदा, समोरच्या प्रोफेसरांच्या गच्चीवर. ह्यांना पहिल्यांदाच बोलावणं होतं. दोन दिवस घरात इस्त्रीचा वास. आबा म्हणाले, मीही येतो. हे नाही म्हणू शकले नाहीत.
प्रोफेसर कृषी महाविद्यालयात शिकवतात. विषय 'बदलते खेडे'. चांगलं बोलत होते, माणूस साधा आहे. पण थोडं झालं आणि आबा म्हणाले, "मंग?"
लोक वळून बघायला लागले. प्रोफेसर हसले, पुढे गेले. एका खेड्यात विहीर सगळ्यांना खुली झाली, तेव्हा लोकांची मनं कशी बदलली, असं काही सांगत होते. आबा म्हणाले, "थांबा. कोणतं गाव? नाव सांगा की." प्रोफेसर म्हणाले, हे उदाहरणादाखल आहे. आबा म्हणाले, "गावाबिगर उदाहरण कसं?" आणि पिंगळीच्या विहिरीची हकीगत सुरू केली. लांबण लावली. ती हकीगत मलाही पाठ आहे, तिचा आणि विषयाचा संबंध फार नाही. मागे कोणीतरी हसलं. ह्यांचे कान लाल.
शेवटी अध्यक्ष म्हणाले, "आजोबा, प्रश्न शेवटी. मधे बोलायचं नाही."
आबा गप्प. पार गप्प.
भाषण संपल्यावर प्रोफेसर स्वतः आबांच्या खुर्चीपाशी आले. कळवळ्याने म्हणाले, "आता विचारा आजोबा." सगळी गच्ची आमच्याकडे बघायला लागली.
आबा म्हणाले, "आता काय न्हाई. तवा व्हतं."

२९ एप्रिल
हे रागावले असते तर बरं झालं असतं. हळू आवाजात म्हणाले, "आबा, इथं लोक आपल्याकडं बघत असतात. चूक झाली तर ती माझ्या एकट्याच्या नावावर जात नाही."
आबांनी विचारलं, "म्या चूक केली?"
"चूक नाही. इथली रीत वेगळी आहे."
"बरं," आबा म्हणाले.
मला दोघांचीही बाजू कळते, हीच पंचाईत. त्या गच्चीवरच्या खुर्चीत बसायला ह्यांनी काय काय गिळलंय ते मला माहीत आहे.
दुपारी कपडे वाळत घालताना भिंतीपलीकडून कदमबाई म्हणाल्या, "तुमच्यात मोठ्यानं बोलायची सवयच असते ना." प्रेमाने म्हणाल्या. चहाला या म्हटलं, तर आत्ताच झाला म्हणाल्या. त्यांचा चहा नेहमी आत्ताच झालेला असतो.

५ मे
आबा बोलेनासे झाले. विचारलं तर उत्तर देतात, पण नेमकं तेवढंच. पेपर वाचते तर ऐकून घेतात. "मंग?" नाही. "खोटं हाय" नाही. आज मी मुद्दाम एक बातमी उलटी वाचली. हरलेल्याला जिंकवलं. आबा म्हणाले, "हां."
स्वयंपाकघरात जाऊन रडले.

८ मे
रेल्वेचा संप सुरू झाला. कॉलनीत एकच चर्चा, कोणाची सुट्टीची तिकिटं वाया गेली. आबा सकाळपासून फाटकापाशी उभे. इथून रूळ दिसत नाहीत, पण शिट्टी ऐकू यायची. आज नाही.

१० मे
आबा गेले. पिंगळीला, त्यांच्या धाकट्या भावाकडे. पिशवी स्वतःच भरली. हे ऑफिसला निघायच्या आधी सांगितलं, चोरून नाही. म्हणाले, "माजी मान्सं कामावर न्हाईत, आन मी हितं खुर्चीवर. बरं दिसत न्हाई."
हे म्हणाले, संप मिटला की या.
एस.टी.त बसवून दिलं. गुडघा अजून पुरता उतरला नाही. खिडकीतून मला म्हणाले, "तुजा अभ्यास होऊ दे."
त्यांना माहीत होतं तर.

२ जून
संप मिटून आठवडा होत आला. आबांचा पत्ता नाही. हे म्हणतात, येतील. विषय काढला की अंघोळीला जातात.

१६ जून
अभ्यास उत्तम चाललाय. हे लिहिताना लाज वाटते, पण चाललाय. पुढची खोली दिवसभर माझी. समाजशास्त्राचं अर्धं पुस्तक झालं. वस्तीत राहिले असते तर झालं नसतं, आणि आबा असते तर इतकं झालं नसतं. मग मी नेमकी कशावर रुसले आहे?
वाचते ते खरं वाटतं. सगळंच खरं वाटतं. एका धड्यात एक मत, पुढच्यात त्याच्या उलटं, आणि मला दोन्ही पटतात.

२३ जून
आज गंमत झाली. कदमबाई भिंतीपाशी आल्या. म्हणाल्या, आजोबा कधी येणार? मी म्हटलं, माहीत नाही. जरा घुटमळल्या. मग म्हणाल्या, "तुम्ही पायरीवर वाचायच्या ना, मला स्वयंपाकघरात ऐकू यायचं. त्या धरणाचं पुढं काय झालं?"
त्यांच्या घरी पेपर येतो. तोच.
मी म्हटलं, आत या, सांगते. आल्या नाहीत. पण भिंतीवर हात टेकून उभ्या राहिल्या, भात करपल्याचा वास येईपर्यंत.

१४ जुलै
प्रोफेसर घरी आले. पहिल्यांदाच. चहा घेतला, कप पुरता रिकामा केला. अभ्यास मंडळात पुढच्या महिन्यात मी बोलावं म्हणाले. विषय मीच निवडायचा. बाईमाणूस कधी बोललं नाही म्हणे तिथे. मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे चक्क खूश.
विषय सांगितला: पेपर मोठ्याने वाचणं. अट घातली, माझ्या भाषणात ज्याला बोलायचं त्याने मधेच बोलायचं. प्रोफेसर म्हणाले, "प्रयोग म्हणून करून बघू." ते गेल्यावर हे म्हणाले, "आबांसाठी?" मी म्हटलं, माझ्यासाठी. पूर्ण खरं नव्हतं.

२१ जुलै, रवि.
सकाळच्या पॅसेंजरने पिंगळी. हे आले नाहीत, ऑफिसचं काम म्हणाले. रविवारी कसलं काम. निघताना आबांसाठी नवं धोतर मात्र माझ्या पिशवीत ठेवलं.
स्टेशनाच्या बाजूला लिंबाखाली दहा-बारा माणसं. एक गँगमनची सून पेपर वाचत होती. अडखळत, बोट ठेवून. आबा समोर. "मंग?" ऐकू आलं तेव्हा मी जरा लांबच उभी राहिले.
मला पाहून हसले, पण उठले नाहीत. बस म्हणाले. बसले. कोणी माझ्या हातात पेपर दिला नाही. ती सून एक शब्द चुकली, मला दुरुस्त करावासा वाटला, गप्प बसले. हवामानाच्या बातमीवरून तिघं भांडले. कोणालाच काही माहीत नव्हतं आणि सगळे बोलत होते. आबाही साफ चुकीचं बोलत होते. किती दिवसांनी इतकं बरं वाटलं.
नंतर भाषणाचं सांगितलं. मधे बोलायची मुभा आहे, तेही सांगितलं. आबा बराच वेळ जमिनीवर रेघोट्या ओढत होते.
"मुभा हाय म्हंतीस," म्हणाले. "म्हंजे मी बोलायची समदे वाट बगत बसणार. म्या आज काय बोलतो म्हून. तसं कसं येईल बोलनं?"
मी म्हटलं, मग घरी तरी चला.
"घर चांगलं हाय. म्या कवा वाईट म्हंलो? पर हितं बोललो की कुणीतरी उलटं बोलतंय. तितं समदे गप व्हतात." मग विचारलं, "त्यो नाराज हाय का माज्यावर?"
नाही म्हटलं. धोतर दिलं. उलटून पालटून पाहिलं, छातीशी धरलं. येतो म्हणाले नाहीत, येत नाही असंही म्हणाले नाहीत.

२८ जुलै
ह्यांना सगळं जसंच्या तसं सांगितलं. 'नाराज हाय का' तेही. म्हणाले, मी तेव्हा बरोबर बोललो होतो की नाही? मी म्हटलं, बरोबर बोललात. म्हणाले, "तेच तर."

३ ऑगस्ट
भाषण उद्या संध्याकाळी. लिहून झालं. भाषा सुबक झालीय, अगदी गच्चीवर शोभेल अशी.
दुपारी पुढच्या खोलीत उभं राहून मोठ्याने वाचलं. ऐकायला आबांची खुर्ची. भिंतीपलीकडे कदमबाईंची भांडी वाजायची थांबली होती, म्हणजे त्याही असाव्यात. एक ओळ वाचली की आपोआप थांबत होते. पुढे कोणी ढकलत नव्हतं, म्हणून परत आपली आपणच.
दुसऱ्या पानावर वाक्य आहे: 'नव्या वसाहतीत आल्यावर आमच्या कुटुंबाला विचार करण्यासाठी निवांतपणा लाभला.' लिहिताना फार आवडलं होतं. वाचून थांबले, आणि आबा जिथे म्हणाले असते तिथे, त्यांच्याच आवाजात, स्पष्ट ऐकू आलं. हे खोटं हाय.
खोडलं. मग वाटलं, सगळंच खोटं नाही. निवांतपणा मला लाभलाच की. पुन्हा लिहिलं. पुन्हा थांबले. पुन्हा खोडलं. त्या जागी काय लिहायचं ते संध्याकाळपर्यंत सुचलं नाही. इतकं धड अडकून कित्येक महिने झाले होते.
हे आत्ता येऊन विचारून गेले, पिंगळीहून उद्या दुपारची गाडी किती वाजता लागते. वेळ मला माहीत होती, तरी म्हटलं, स्टेशनवर जाऊन बघून या. चपला घालून गेले आहेत.
ती ओळ कोरी ठेवली आहे.