चौकड्यांची चादर

बाबा, आज सिंदीहून येताना आपलं दुकान दिसलं. तिथे आता मोबाइल विकतात आणि गिऱ्हाईक उभ्या उभ्याच सौदा करून निघून जातं. तुम्ही तर माणूस गादीवर चढून बसल्याशिवाय कापडाचा एक तागा उलगडत नव्हतात. एका सकाळी मी शाळेला निघाले तर गादीवरची पांढरीशुभ्र चादर गायब आणि तिच्या जागी निळ्या-काळ्या चौकड्यांची जाडीभरडी चादर. मी नाक मुरडलं. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "काऊन व, तुले बसाचं आहे का गिऱ्हाइकाले? शेतातून आलेली बाई पांढरी चादर पाहून पायरीवरच थांबते. आपले पायच पाहून राह्यली, त कापड कवा पाहीन?" तरी चादर मला कुरूपच वाटत राहिली.

आता मी काय करते ते ऐकलंत तर हसाल. नालवाडीत संध्याकाळी वर्ग घेते. शाळा सुटून जमाना झालेल्या, संसार करता करता बारावी झालेल्या बाया, दुकानात कामाला असलेली माणसं, एक एसटीचा कंडक्टर, अशा सगळ्यांना कॉलेजात नेऊन बसवायचं. इंग्रजी वाचणं, सर शिकवत असताना टिपणं काढणं हे मी शिकवते, पण ते सोपं. अवघड असतं वर्गाच्या दारातून आत जाणं. म्हणून सुट्टीच्या दिवशी मी त्यांना रिकाम्या कॉलेजात फिरवते, बाकांवर बसवते, ग्रंथालय कुठे, पिण्याचं पाणी कुठे, बायकांचं बाथरूम कुठे, सगळं दाखवते. या कामात माझा हात धरणारं कोणी नाही, हे तुमच्यासमोरही बिनधास्त सांगते. तरी यंदा फसले.

पवनारची एक बाई. शेतात राबून बारावी केलेली, सून आणायच्या वयाची. तिला मी सांगितलं, पहिल्या दिवशी ठेवणीतली साडी नेसून जा. ती गेली. वर्गात पाऊल टाकलं आणि सगळी पोरं उठून उभी राहिली. गुड मॉर्निंग, मॅडम. ती तशीच मागे वळली आणि मिळेल त्या गाडीनं घरी परतली. दुसऱ्या दिवशी गेली नाही तर ती पुन्हा कधीच जाणार नाही, हे मला अनुभवानं ठाऊक. संध्याकाळी मी पवनार गाठलं. ती गोठ्यात शेण काढत होती.

"ताई, मी नाई जात आता," ती म्हणाली. "पोरं मले पाहून उभे झाले. कोणत्या तोंडानं सांगू, का मी बी तुमच्यासारखीच शिकाले आली म्हून?"

दोरीवर तिची मोरपंखी साडी टाकलेली होती, चांगली जरीच्या काठाची. ती पाहिली आणि मला तुमची पांढरी चादर आठवली. या वेळी ती मीच अंथरली होती.

"चूक माझी आहे बाई," मी म्हटलं. "उद्या रोजची साडी नेसून जाजो. अन् तरी उठलेच, त बसा म्हणजो, अन् तू बी बसजो."

ती परत शेण काढायला लागली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मला जेवण गेलं नाही. मग तिचा फोन आला. "उठले होते ना ताई, दोघं-तिघं. मी म्हटलं, बसा रे, मी बी बसते. एका पोरीनं बॅग सरकवली, म्हणे काकू, इकडे या." आता ती रोज तिथेच बसते. परवा सरांना म्हणाली, तुम्ही लय घाईनं शिकवता. सर हळू शिकवायला लागले म्हणे.

हे पत्र कुठे टाकणार, माझ्याजवळच राहील. पण एक सांगायचं राहिलं. तुम्ही गेल्यावर बऱ्याच वर्षांनी मीही कॉलेजात शिकायला गेले, तुम्ही शेवटच्या दिवाळीला दिलेली जांभळी साडी नेसून. पोरं माझ्यासाठीही उठली होती. मी पळाले नाही. दारात जरा थांबले, सगळ्यांना नीट बघून घेतलं आणि मगच बसा म्हटलं. फार आवडलं होतं मला ते, बाबा. म्हणून तर तिला साडी नेसायला सांगितली.