गोड भात आणि १८४ गायी

१८ ऑगस्ट, सोमवार

फिनाच्या कॉलेजचं दुसरं वर्ष आज सुरू झालं. मानसशास्त्र! आपल्याच तालुक्यातलं कम्युनिटी कॉलेज, दोन वर्षांची पदवी. हिशेब केला — अभ्यासाची साठ युनिट, युनिटला सेहेचाळीस डॉलर, एकूण दोन हजार सातशे साठ. एका गायीची खुरं तासायचे मी पंधरा घेतो. म्हणजे पदवी पडली १८४ गायींना. पुस्तकं आणि पेट्रोल वेगळंच.

आणि मिळणार काय? मेहुणा एर्मिनिओ सांगत होता, ही पदवी घेतलेल्या पोरी तासाला अठरा डॉलरवर राबतात. त्याचा मुलगा फ्रीज दुरुस्त करतो, अडतीस घेतो. हे एर्मिनिओ जेवताना दोनदा सांगतो आणि निघताना दारात एकदा.

मी ट्रकच्या दारावर रंगवून घेतलंय — ‘फागुंडेस आणि मुलगी, खुरतासणी’. फिना बारा वर्षांची असल्यापासून माझ्याबरोबर येते. तो रंग काय फुकट आला?

२४ ऑगस्ट

भांडण. ही पदवी झाली की फिनाला पुढची दोन वर्षं आर्काटाच्या विद्यापीठात जायचंय. आठ तास लांब! नुसती झाडं आणि धुकं. अर्जाची मुदत एक डिसेंबर.

मी म्हटलं, “तुझ्या मानसशास्त्रानं थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या आत एक डॉलर कमावून दाखव. दाखवलास तर तिकडच्या खोलीचं भाडं मी भरतो. नाही तर गुपचूप ट्रकवर यायचं.”

“एकच डॉलर?” तिनं विचारलं.

“एकच.”

“बाबा, शब्द फिरवाल.”

“फागुंडेस शब्द फिरवत नाहीत!”

लुर्देस भांडी घासता घासता हसली. बायकोनं अशा वेळी हसू नये.

५ सप्टेंबर

फिनाचं नवीन खूळ. सोझाच्या गोठ्यावर आम्ही गायी एकेक करून लोखंडी खोड्यात घेतो. गायी घाबरतात, लाथा झाडतात, एकेकीला ढकलताना माझी कंबर जाते. फिना म्हणाली, खुरं तासूच नका. आधी आठ दिवस गायी नुसत्या खोड्यातून न्यायच्या. आत काकवी लावलेली मूठभर पेंड. खाल्ली, की सोडून द्यायची.

“म्हणजे गायींना फुकट नाश्ता?”

“शिकवणी, बाबा.”

चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

१९ सप्टेंबर

गायी आपण होऊन येतात! रांग लावतात! चाळीसच्या जागी आज बावन्न झाल्या. २२१४ नंबरची तर खुरं तासून झाल्यावर मागून वळसा घालून परत आली. मग पुन्हा आली. चौथ्यांदा आली तेव्हा मी तिला म्हटलं, बाई, आता खुरं उरली नाहीत.

सोझा खूश. त्याच्या गायी लाथा मारत नाहीत, दूध कमी होत नाही. म्हणाला, गायीमागे एक डॉलर जास्त देतो.

फिना माझ्याकडे बघतच राहिली. मी म्हटलं, “तो डॉलर काकवीचा. मानसशास्त्राचा नाही.”

फागुंडेस शब्द फिरवत नाहीत. पण नीट ऐकून घेतात.

पेंड बंद केली तर काय होईल, विचारलं. म्हणाली, गायी थोडे दिवस येतील, मग येणं बंद होईल. त्याला ती ‘विझणं’ म्हणते. बरं.

१ ऑक्टोबर

रात्री जेवताना म्हणालो, कॉलेजचं पार्किंग तरी ऐसपैस आहे. जेवण झाल्यावर फिनानं समोर वाटी ठेवली — दालचिनी घातलेला गोड भात! आमच्याकडे हा नाताळशिवाय होत नाही.

का बरं? आठवलं. आज मी दाढी केली होती. लुर्देसला आवडलं असणार.

४ ऑक्टोबर

परत भात! आजही दाढी केलेली. शिवाय निळा शर्ट. (फिनाला मानसशास्त्र शिकवणाऱ्या त्या याँग मॅडम हुशार वाटतात, असं काहीतरी बोललो बहुतेक.)

७ ऑक्टोबर

दाढी, निळा शर्ट, वर अत्तर. भात नाही!! दिवसभर एर्मिनिओबरोबर कॉलेजच्या नावानं खडे फोडले आणि दमून घरी आलो, तर पुढ्यात उकडलेलं गाजर. बायकांचं मन देवालाही कळत नाही.

१६ ऑक्टोबर

भात.

२५ ऑक्टोबर

भात. मोठी वाटी. हल्ली मी घरात बराच गोड बोलतो, असं लुर्देस म्हणाली. दाढी रोज होते. पट्ट्याला नवं भोक पाडलं.

२० नोव्हेंबर, गुरुवार

लिहायचंच नव्हतं. पण कुणाला सांगू?

संध्याकाळी कॉलेजात मुलांच्या प्रयोगांचं प्रदर्शन होतं. फिना नको नको म्हणत होती, तरी गेलो. निळा शर्ट घालून. याँग मॅडम, ठेंगण्याशा, आल्या आणि माझा हात दोन्ही हातांत धरला.

“अय्या! गोड भातवाले तुम्हीच का?”

मागे भिंतीवर हा एवढा तक्ता. ‘प्रौढ नर, वय ५४.’ खाली चढती रेघ — हा नर कॉलेजबद्दल आठवड्यातून किती वेळा चांगलं बोलतो. ऑगस्ट शून्य. नोव्हेंबर एकतीस. शेजारी दाढीचीही रेघ! शीर्षक — ‘नराची अंधश्रद्धा’. लोक वाचत होते. एक बाई तर विचारत होती की नर घरी असतो का बाहेर.

मी म्हटलं, “माझी परवानगी कुणी घेतली?”

“सही आहे की,” मॅडम म्हणाल्या आणि कागद दाखवला. सही लुर्देसची. ‘नात्याने कोण’ या रकान्यात तिनं लिहिलंय — मालकीण.

मॅडमनी त्यासाठी फिनाचे गुण कापलेत म्हणे. फाशी द्यायला हवी होती.

माझ्या पोरीनं मला खोड्यात घातलं! २२१४ सारखं!

२१ नोव्हेंबर

कुणाशी बोललो नाही. भाताची वाटी आली. परत पाठवली.

२२ नोव्हेंबर

वाटी आली. परत पाठवली. नंतर फ्रीजमधून खाल्ली.

खरं लिहितो, इथे कोण वाचतंय. भाताचा राग नाही. मला ती जायला नको आहे. बस. पदवी तोट्याची ठरली असती तर ती राहिली असती, म्हणून मी गायी मोजत बसलो.

२७ नोव्हेंबर, थँक्सगिव्हिंग

एर्मिनिओकडे जेवण. टर्की, लिंग्विसा सॉसेज, आणि अडतीस डॉलर. तिसऱ्यांदा अडतीस ऐकले तेव्हा तो फिनाकडे वळून म्हणाला, “काय गं, वेड्यांची डॉक्टर! अठरा डॉलरात आर्काटाचं भाडं भागेल का?”

आणि माझं तोंड सुटलं. बावन्न गायी सांगितल्या. सोझाचा जादा डॉलर सांगितला. याँग मॅडम आणि गोड भाताचा तक्ताही सांगितला. म्हटलं, तुझा पोरगा बंद पडलेला फ्रीज चालू करतो, माझी पोरगी चालत्या गाढवाला शहाणं करते, आणि ते गाढव मी आहे, विचार तिला! दहा मिनिटं तरी बोललो असेन.

एर्मिनिओ टेबलावर इकडे तिकडे बघून म्हणाला, “पण इथे तर गोड भात नाहीये.”

खरंच नव्हता.

फिनानं काटा खाली ठेवला. हसत होती की रडत होती, मला समजलं नाही. मीही नीट बघितलं नाही, मला माझंच सांभाळायचं होतं.

१ डिसेंबर, सोमवार

अर्ज गेला. फी सत्तर डॉलर. जवळजवळ पाच गायी. मी भरली. लुर्देस म्हणाली, “शहाणा नर.”

२० सप्टेंबर, रविवार

फिनाला आर्काटाला जाऊन महिना झाला. सोझाकडे पेंड मेमध्येच बंद केली. सगळ्या गायींचं येणं विझलं, पुन्हा ढकलाव्या लागतात. फक्त २२१४ अजून येते. पेंडीच्या रिकाम्या टोपल्यात तोंड घालते आणि उभी राहते.

आज खाद्याच्या दुकानात मी तिघा अनोळखी माणसांना धरून सांगितलं, मुलीला मानसशास्त्रच शिकवा. घरी आलो. वाटी नव्हती. फिनाला फोन करून सांगितलं.

ती म्हणाली, “बाबा, हे एव्हाना विझायला हवं होतं.”

मी म्हटलं, “नाही विझत गं.”