या पत्त्यावर एकच पेशंट

५ जानेवारी, सोमवार
जुळे सोलापूरच्या या भाड्याच्या फ्लॅटवर आजपासून माझं राज्य. दाराला पितळी पाटी लावून घेतली: रुक्मिणी बोरामणीकर. सुतारानं वाकडी बसवली होती. काढायला लावून पुन्हा सरळ बसवून घेतली. बाल्कनीत भरपूर ऊन, खालीच रिक्षा स्टँड. दुपारी कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाल्ली. दात अजून माझेच आहेत.

घरमालकांच्या आई दगडाबाई इथंच अंथरुणाला खिळून वारल्या. त्यांची कठड्यांची लोखंडी कॉट आतल्या खोलीत तशीच आहे. गादीला त्यांच्या अंगाचा खळगा पडलाय. मी आपली माझ्या दिवाणावर.

मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, तेव्हा डोळ्यांत थेंब घालायला आणि रांधायला कुणीतरी हवं, असा हृषीकेशचा हट्ट. हा माझा मुलगा, मस्कतला असतो. त्यानं तिथूनच दगडाबाईंसाठी येणाऱ्या होम केअर कंपनीची सेवा पुढे चालू ठेवली. नव्यानं काही करायची दगदग नको म्हणे.

६ जानेवारी
वैष्णवी नावाची मुलगी आली, मंगळवेढ्याकडची. दारात मलाच विचारते, पेशंट कुठं आहे? म्हटलं, तुझ्यासमोर उभी आहे. ती हसली आणि मोबाइल घेऊन बसली. हात न धुता थेंब घातले, त्यातला एक नाकावर. कंपनीच्या ॲपमध्ये दिवसाची कामं येतात. चहा पिता पिता तिनं ती सगळी एकदम टिक करून टाकली. वर मलाच म्हणते, "आजी, तुमी निवांत बसा की. ह्यातलं एक जरी करायला घेतलं तर तुमीच मला हाकलून द्याल." गड्ड्याच्या जत्रेत भजी खायला नेईन, असं आमिषही दाखवलं.

आजी म्हणे. मी हिची आजी कधी झाले? समोरच्या बाईला नाव विचारायची पद्धतच उरली नाही.

८ जानेवारी
कॉन्व्हेंटमध्ये नखं दाखवल्याशिवाय सिस्टर आम्हाला वर्गात घेत नसत. इथं आजारी माणसाला हात लावणाऱ्या मुलीला साबण माहीत नाही. कंपनीचे सुपरवायझर इंद्रजीत यांना फोनवर चांगलं फैलावर घेतलं. तुमच्या ॲपमध्ये जे जे लिहिलंय ते सगळं, एकही काम न गाळता, झालंच पाहिजे, असं बजावलं. शंभर टक्के होईल आजी, म्हणाले. वैष्णवीला काढलं. जाताना ती म्हणाली, "चुकलात बगा आजी." उद्धट कार्टी.

१० जानेवारी
उत्कर्षा आली, दुधनीची. वैष्णवी आजी म्हणायची, ही अज्जी म्हणते. कोपरापर्यंत हात धुतले, टोपी घातली, हातमोजे चढवले. मी खूश. मग तिनं माझी उशी-चादर उचलून दगडाबाईंच्या कॉटवर नेऊन ठेवली. पेशंट कॉटवरच हवा, असा नियम आहे. मी चालतीफिरती बाई आहे, हे मी तिला चालून दाखवलं. ती गोड हसली. "तसं वाटतंय अज्जी. पडलात तर माझी नोकरी जाईल की."

संध्याकाळी डायपर घेऊन आली. मी तो बाल्कनीतून खाली फेकला.

१२ जानेवारी
इंद्रजीतना विचारलं, हे कुणाचं काम माझ्या माथी मारताय? ते म्हणाले, या पत्त्यावर आमच्याकडे एकच पेशंट आहे, आणि तुमच्याच आग्रहावरून आम्ही कडक झालोय. हृषीकेशला फोन लावला. त्याला रोज ॲपवर माझा फोटो जातो. ऑपरेशननंतर तोल जातो म्हणे, थोडे दिवस पडून राहा. सुरक्षा शंभर टक्के दाखवतंय. नियम म्हणजे नियम, हे तूच शिकवलंस ना आई? पेशंट चिडचिड करतात, असंही त्याला कळवलंय. ते ऐकून मी खरोखरच चिडले. मग तेही कळवलं गेलं.

१५ जानेवारी
भाकरी बंद. पेशंटला घास गिळता येत नाही, म्हणून चमच्यानं ज्वारीची आंबील. कडू लागली. चिडचिडीवरची गोळी कुटून घातलीय, असं उत्कर्षानंच सांगितलं. ती काही लपवत नाही, तेच भयंकर आहे. फोनमुळे मी उत्तेजित होते म्हणून फोनही गेला.

बाल्कनीतून ओरडले. शेजारीण धावत आली. उत्कर्षा तिला म्हणाली, अज्जींचं असंच असतं. ती म्हणाली, "व्हय, आमाला सवय हाय की. लई वरीस ऐकतोय."

अहो, मी इथं येऊन दोन आठवडेही झाले नाहीत.

१९ जानेवारी
दाराला कुलूप. किल्ली तिच्या कमरेला. बाथरूमकडे निघाले तर पाय लटपटले. तिनं अलगद धरलं, म्हणाली, "बगा, म्हनलं नव्हतं?" वेळेवर कूस बदलते, पाठीला पावडर लावते. तक्रारीला जागाच ठेवत नाही. गादीतला खळगा आधी खांद्याला टोचायचा. आज टोचला नाही.

२२ जानेवारी
उद्या तपासणी. इंद्रजीत स्वतः येणार. पेशंटला नाव विचारायचं, हा पहिला नियम — उत्कर्षाच म्हणाली. नाव सांगितलं की सुटले. आंबील थुंकून टाकली. जीभ जड आहे. सकाळपासून घोकतेय. रुक्मिणी. रुक्मिणी बोरामणीकर.

२३
आले. कठडे हलवून पाहिले. पाठ पाहिली — जखम नाही, शाबास. मग वाकून, नाव काय आजी? तोंड उघडलं. लाळ आली. रु — रु — एवढंच. दाराकडे बोट केलं, पाटीकडे. रुक्मिणी म्हणजे सूनबाई का, म्हणाले. माझं बोट त्यांनी हळूच चादरीत घातलं. उत्कर्षा म्हणाली, दगडाबाई. त्यांनी मान डोलावली. टिक.

तारीख —
थुंकते म्हणून आता नाकातून नळी. नळी ओढू नये म्हणून हातांना मोजे, कठड्याला बांधून. डावा झाला — उजव्याचा शोधतेय ती — पेन्सिल उशीखाली होती —

वैष्णवी असती तर —

खळगा बरोबर मापाचा. कुठं टोचत नाही. वही कुणाला सापडली तर — मी चालत होते. भाकरी खात होते. दारावर पाटी — ती वाचा, मला आता नीट —

मोजा सापडला. येतेय. नाव तरी लिहून ठेवते. माझं नाव द